सात नंबर

आंजर्ल्याच्या वरच्या सड्यावर
शर्फुद्दीन मुकादमांची पत्र्याची शेड.
मस्कतला सव्वीस वर्षं वाळूतल्या गोल्फवर नोकरी,
आणि परत येताना सोन्याऐवजी
पोत्यात बांधून आणलेल्या, साहेबांनी टाकलेल्या काठ्या.
बायको अजून बोलून दाखवते.

नऊ भोकं, भोकांत डालड्याचे डबे.
हिरवळ श्रावण-भादव्यापुरती.
मग नुसता कातळ;
चेंडू टप्पा घेतो तो थेट
कुणाच्या तरी काजूत.

मी गेले ती माझी काठी घेऊनच.
लेकाने कॅनडाहून पाठवलेला ड्रायव्हर,
डोकं शहाळ्याएवढं, काळं, चकचकीत,
दांडा असा ताठ की वाकणं ठाऊक नाही.
चाचांनी हातात घेतली, तोलली,
सुरमईचा डोळा बघावा तशी उलटसुलट बघितली.
म्हणाले, "झकास आहे. खिळ्याला टांगा."

सदतीस वर्षं मी पोस्टात होते.
तराजूवर ठेवायचं, काटा थांबू द्यायचा,
वजनाप्रमाणे तिकीट.
अपुरा पत्ता म्हणून परत जाणारं पाकीट
तोवर मी कधी झाले नव्हते.

"पण सेटमध्ये चौदा असतात ना?"
"असतात. चौदा काठ्या, चौदा निमित्तं.
तुम्हाला पाच पुष्कळ.
झेल्याने आंबे काढलेत ना?
शेजाऱ्याचा झेला लांब म्हणून मागून आणला
की आंबा फुटतो आणि मान धरते."

मग दहा चेंडू एका काठीने, दहा दुसरीने.
चेंडू कुठे गेला ते त्यांनी पाहिलंच नाही.
ते माझ्या डाव्या टाचेकडे बघत होते,
आणि एकदा, मी दमले तेव्हा, माझ्या मनगटाकडे.

पहिली बारीक पात्याची, पाठ सपाट, सुरीसारखी.
एकदाच मधोमध लागली.
हाताला काही कळलंच नाही, इतकी नीट.
बाकी नऊ वेळा कोपरापर्यंत झिणझिण्या.
दुसरी दिसायला ओबडधोबड,
पाठीला खळगा, बूड पडावाच्या तळासारखं रुंद,
मातीत रुतायच्या ऐवजी घसरून पुढे जाणारी.
दांडा मऊ, माझ्या सावकाश हाताची वाट बघणारा.
तिच्याने चुकले तरी चेंडू उठायचा,
वाकडा का होईना, उठायचा.

"बघा बाई," चाचा म्हणाले,
"ही चूक पोटात घालते, ती पदरात घालते.
आधी पोटात घालणारी घ्या."
दुसऱ्या काठीच्या बुडावर सात आकडा होता, अर्धा झिजलेला.
दोनशे रुपये, आणि मुठीला नवं रबर.

ड्रायव्हर खिळ्यावरच आहे.
रविवारी काढते, पुसते,
हवेत एकदा फिरवते, परत टांगते.
लेकाला फोनवर सांगते, छान आहे.

पौषात एकदा चष्म्याचं घर विसरले म्हणून
ऊन उतरताना परत सडा चढले.
खाली हर्णैच्या बाजूला होड्या लागत होत्या.
चाचा एकटे खेळत होते.
त्यांचं ते पोतं मला माहीत होतं,
पात्यांचा अख्खा सेट, तेल लावून, सुतळीने आवळलेला.
सुतळीची गाठ जुनी होती.
कोळ्याने त्यावर जाळं केलं होतं.

हातात माझ्यासारखीच काठी,
रुंद बुडाची, मऊ दांड्याची.
चेंडू मांडताना बोटं थरथरली,
तो दोनदा गडगडला, तिसऱ्यांदा बसला.
मी खोकले.
त्यांनी वळून बघितलं, लपवलं काही नाही.
"खांदा," एवढंच म्हणाले.
मग थोड्या वेळाने, "पायरी वरच जाते
असं कोण म्हणालं तुम्हाला?"

कुणीच म्हणालं नव्हतं.
मीच धरून चालले होते.

त्यांनी मारला. चेंडू उठला,
डावीकडे झुकला, डब्याच्या अलीकडे
कातळाच्या एका खोलगटीत जाऊन बसला.
मी माझा सात नंबर काढून
त्यांच्या सात नंबरशेजारी जांभ्यावर ठेवला,
मग दोन्ही उचलून दोन हातांत तोलल्या,
काटा थांबेपर्यंत.

तिकीट सारखंच लागलं असतं.